बिनसुपारीचा व्यवसाय : स्नूकरपटूची दीर्घ कारकीर्द

‘व्यावसायिक’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. कलेवर किंवा खेळावर ज्याचे पोट चालते तो व्यावसायिक, हा त्याचा सरळ अर्थ. आणि आपले काम जो शिस्तीने, ठरलेल्या दर्जाला उतरेल असे करतो तो व्यावसायिक, हा दुसरा. स्नूकर या खेळाच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर गेलेले दिसतात, आणि महाराष्ट्रातल्या मातीत जन्मलेल्या किंवा वाढलेल्या खेळाडूंची आयुष्ये पाहिली तर हे अंतर किती मोठे आहे ते नीट ध्यानात येते. दुसऱ्या अर्थाने पूर्ण व्यावसायिक असलेल्या, म्हणजे वीस-वीस वर्षे जागतिक दर्जा टिकवून धरणाऱ्या खेळाडूंना पहिल्या अर्थाने व्यावसायिक होणे एकतर शक्य झाले नाही किंवा परवडले नाही. असे का झाले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तुलनेसाठी नारायणगावचे उदाहरण घेता येईल. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, ठिकठिकाणच्या गावांचे यात्रा कमिटीचे लोक येतात, आणि अमुक तारखेला अमुक गावी खेळ करायचा असा ठराव करून रक्कम पक्की करतात. यालाच सुपारी ठरणे म्हणतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या कलावंताची उभी हयात अशा सुपाऱ्यांवर फड चालवण्यात गेली. त्या जगण्यात हालअपेष्टांना तोटा नव्हता, परंतु बोर्डावर उभे राहण्याचा मोबदला बोर्डावर चढण्याआधी ठरलेला असे. स्नूकरच्या व्यवसायात सुपारी नसते. खेळाडू स्वतःच्या खर्चाने स्पर्धेच्या गावी जातो, स्वतःच्या खर्चाने राहतो, आणि तिथे जिंकला तरच त्याच्या हाती पैसे पडतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला बहुतेक स्पर्धांत वर्षानुवर्षे काहीही मिळत नसे.

हा खेळ मुळात भारतात जन्मला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे तरुण अधिकारी नेव्हिल चेंबरलेन यांनी बिलियर्ड्सच्या टेबलावर खेळल्या जाणाऱ्या एका जुन्या खेळात निरनिराळ्या रंगांचे बॉल मिसळून नवा प्रकार तयार केला. वुलविचच्या लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवशिक्यांना ‘स्नूकर’ म्हणत. एका सोबत्याचा नेम चुकला तेव्हा त्याला उद्देशून हा शब्द वापरला गेला आणि तोच खेळाला चिकटला, असे खुद्द चेंबरलेन यांनी १९३८ मध्ये लिहून कळवले. जबलपूर त्या वेळी ज्या मध्य प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती, हे मराठी वाचकाने सहज नोंदवून ठेवावे. पुढे १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले.

खेळाची रचना थोडक्यात अशी. सुमारे बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद टेबलावर पाटीच्या दगडाच्या सपाट लाद्या बसवून त्यांवर हिरवे लोकरी कापड ताणलेले असते. त्यावर पंधरा लाल बॉल, सहा रंगीत बॉल आणि एक पांढरा बॉल असतो. खेळाडूने क्यू नावाच्या लाकडी काठीने फक्त पांढऱ्या बॉलला मारायचे आणि त्याच्या धक्क्याने इतर बॉल टेबलाच्या सहा पॉकेटांत घालायचे, ज्याला पॉट करणे म्हणतात. लाल बॉलचा एक गुण, आणि पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी व काळा यांचे अनुक्रमे दोन ते सात गुण. प्रत्येक लालनंतर एक रंगीत बॉल घ्यायचा, तो पुन्हा टेबलावर जागेवर ठेवला जातो, आणि सगळे लाल संपल्यावर रंगीत बॉल क्रमाने घ्यायचे. न चुकता सलग मिळवलेल्या गुणांना ब्रेक म्हणतात, आणि प्रत्येक लालनंतर काळा घेत सगळे टेबल साफ केले तर १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक होतो. एका डावाला फ्रेम म्हणतात. आपल्याला पॉट करता येत नसेल तेव्हा पांढरा बॉल अशा आडोशाला नेऊन ठेवायचा की प्रतिस्पर्ध्याला हवा तो बॉल सरळ दिसूच नये. ही अडवणूक म्हणजेच स्नूकर करणे होय. नवखा प्रेक्षक पॉट पाहतो. जाणकाराची नजर मात्र पॉट झाल्यानंतर पांढरा बॉल कुठे येऊन थांबला याकडे असते, कारण पुढच्या चार-पाच फटक्यांचे भवितव्य त्या थांबण्यावर अवलंबून असते.

या टेबलांशी पुण्याचा संबंध इंग्रजांच्या छावणीमुळे आला. लष्करी मेस आणि क्लब यांच्याबरोबर बिलियर्ड्सची टेबले आली. अशा पुण्यात २ मे १९२२ रोजी विल्सन जोन्स यांचा जन्म झाला. जोन्स यांचा मुख्य खेळ स्नूकर नव्हे, तर त्याहून जुना बिलियर्ड्स. त्यात टेबलावर तीनच बॉल असतात आणि गुण तीन मार्गांनी मिळतात : बॉल पॉट करणे, दुसऱ्या बॉलला लागून आपला बॉल पॉकेटात जाणे, आणि आपला बॉल इतर दोन्ही बॉलना लागणे, ज्याला कॅनन म्हणतात. जोन्स यांनी बिलियर्ड्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद बारा वेळा आणि स्नूकरचे पाच वेळा मिळवले, १९५८ मध्ये कलकत्त्याला ते हौशी खेळाडूंचे जागतिक बिलियर्ड्स विजेते झाले, आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पद पुन्हा मिळवले. कोणत्याही वैयक्तिक खेळात भारताला मिळालेले पहिले जागतिक विजेतेपद म्हणून १९५८ चा विजय ओळखला जातो.

या आकड्यांत वयाचा हिशेब महत्त्वाचा आहे. पहिल्या जागतिक विजयाच्या वेळी जोन्स छत्तीस वर्षांचे होते आणि दुसऱ्या वेळी बेचाळीस. धावण्याच्या किंवा कुस्तीच्या खेळात ज्या वयात माणूस वस्तादाच्या भूमिकेत गेलेला असतो, त्या वयात जोन्स शिखरावर होते. परंतु हे सारे त्यांनी हौशी खेळाडू या नात्याने केले, आणि हौशी या शब्दाला त्या काळी कडक अर्थ होता : खेळाच्या बक्षिसावर उपजीविका करायची नाही. म्हणजे जगातला सर्वोत्तम म्हणवणाऱ्या माणसाला पोटापाण्याची सोय दुसरीकडे पाहावी लागे. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खेळणे थांबवल्यावर ते शिकवू लागले, आणि प्रशिक्षक म्हणून १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार देण्यात आला. २००३ मध्ये त्यांचे निधन झाले. जोन्स यांची कारकीर्द मोजताना बरेच लेखक १९६४ वर थांबतात, पण हा मोठा अन्याय आहे, कारण शिकवण्याची वर्षेही त्याच कारकिर्दीची आहेत आणि भारतातल्या पुढच्या पिढ्यांचा हात त्या वर्षांत घडला.

त्यांच्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा आले. १९३८ मध्ये जन्मलेल्या फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी बिलियर्ड्सची तीन हौशी जागतिक विजेतेपदे मिळवली आणि १९७८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ११४९ गुणांचा ब्रेक केला. १९८१ मध्ये देऊ केलेली पद्मश्री त्यांनी नाकारली. सुनील गावसकर यांना पद्मभूषण मिळते, तर जगज्जेत्या बिलियर्ड्सपटूला त्याहून खालचा सन्मान का, असा त्यांचा प्रश्न होता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. या भूमिकेला अहंकार म्हणणारे तेव्हाही होते. तथापि ज्या खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेण्याची मुभाच नव्हती, त्याच्याजवळ आपल्या श्रमाचे मोल मागण्यासाठी मान-सन्मानाखेरीज दुसरे साधन उरत नव्हते, हे लक्षात घेतले की फरेरा यांचा आग्रह रास्त वाटू लागतो.

इंग्लंडमध्ये चित्र निराळे होते. तिथे व्यावसायिकांची जागतिक स्नूकर स्पर्धा १९२७ पासून भरते आणि पहिली पंधरा विजेतेपदे एकट्या जो डेव्हिस यांनी जिंकली. १९७७ पासून ही स्पर्धा शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरात होते. रंगीत दूरचित्रवाणीला हा रंगीबेरंगी खेळ मानवला आणि पैसा आला. आज या व्यवसायाची घडी अशी आहे : व्यावसायिक टूरवर, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मान्यताप्राप्त स्पर्धांच्या मालिकेत, सुमारे १२८ खेळाडूंना जागा असते. नव्याने आलेल्याला ही जागा दोन वर्षांसाठी मिळते. क्रमवारी गुणांवर ठरत नाही, मागच्या दोन वर्षांत जिंकलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. पहिल्या चौसष्टांत नाव असेल तर जागा टिकते, नसेल तर बहुतेकांना क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेत उतरून पुन्हा दार ठोठवावे लागते. जागतिक विजेत्याला पाच लाख पौंड मिळतात. मात्र शंभराव्या क्रमांकाच्या खेळाडूचे अर्थकारण त्या रकमेवरून कळत नाही. २०२२-२३ च्या हंगामापासून टूरवरील प्रत्येकाला वर्षाला किमान वीस हजार पौंडांची हमी देण्यात आली, ती याच खालच्या निम्म्या खेळाडूंची ओढाताण पाहून.

इंग्लंडात राहणाऱ्या खेळाडूला एवढ्यात कसेबसे भागवता येते. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्याला मात्र परक्या गावात भाड्याची खोली, सरावासाठी टेबल, व्हिसा, थंडी आणि एकटेपण हे सगळे त्याच रकमेत बसवावे लागते, आणि पहिल्या फेरीचा पराभव म्हणजे नुसती हार नसून महिन्याच्या ताळेबंदातली तूट असते. मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी हा मार्ग आधी चालून पाहिला. १९८९ मध्ये आशियाई स्नूकर विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय होते. नव्वदच्या दशकात ते व्यावसायिक टूरवर खेळले, आणि २००१ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, ते पुन्हा आशियाई विजेते झाले. या दोन विजयांच्या मधली वर्षे आकड्यांत दिसत नाहीत, पण त्यांनीच पुढच्यांना त्या वाटेची कल्पना दिली.

आदित्य मेहता यांची कारकीर्द या प्रकरणात सर्वांत जास्त विचार करायला लावणारी आहे. ३१ ऑक्टोबर १९८५ रोजी जन्मलेल्या या मुंबईच्या खेळाडूने २०१० च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत एकेरीचे कांस्यपदक आणि २०१३ मध्ये कोलंबियातील काली येथे झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी नवी दिल्लीत क्रमवारीत धरली जाणारी इंडियन ओपन ही व्यावसायिक स्पर्धा प्रथमच भरली, आणि मेहता तिच्या अंतिम फेरीत पोहोचले. असा टप्पा गाठणारे ते पहिले भारतीय. अंतिम सामन्यात चीनच्या डिंग जुनहुई यांनी त्यांना ५-० असे हरवले, पण त्या आठवड्याने भारतीय खेळाडू कुठवर जाऊ शकतो याची मर्यादा पुढे सरकवली. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या जनरल कप स्पर्धेत त्यांनी १४७ चा ब्रेक केला. अठ्ठाविसाव्या वर्षी एवढे हाती असलेल्या खेळाडूला, जोन्स यांच्या हिशेबाने पाहिले तर, अजून पंधरा वर्षे शिखराची मिळायला हवी होती. त्यानंतर मात्र मानेच्या दुखापतीने त्यांना ग्रासले आणि टूरवरची त्यांची जागा गेली.

स्नूकरमध्ये दुखापत होते हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, कारण खेळाडू ना धावतो ना उडी मारतो. म्हणून फटका मारतानाची शरीराची ठेवण समजून घ्यायला हवी. खेळाडू कमरेत वाकतो, छाती जवळजवळ टेबलाला समांतर येते, हनुवटी क्यूवर टेकते, आणि त्या अवस्थेत समोर पाहण्यासाठी मान मागे वळवून वर उचलावी लागते. एक हात पुढे ताणून बोटांचा आधार केला जातो, दुसरा कोपरातून लोलकासारखा झुलतो, आणि या सगळ्यात डोके तसूभर हलता कामा नये. सरावाच्या एका दिवसात ही क्रिया शेकडो वेळा होते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरुवात केलेल्या खेळाडूच्या मानेने तिशीपर्यंत किती वेळा असा ताण घेतला असेल याची कल्पना करता येईल. त्यात लांब विमानप्रवास आणि अनोळखी बिछाने यांची भर पडते. ज्याला दोन वर्षांत रक्कम जमवली नाही तर जागा जाणार असते त्याला विश्रांती परवडत नाही, आणि विश्रांतीवाचून मान बरी होत नाही. मेहता भारतात परतले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये म्यानमारमधील मंडाले येथे पंकज अडवाणी यांच्या जोडीने त्यांनी सांघिक जागतिक स्नूकर विजेतेपद मिळवले.

पंकज अडवाणी यांचाही जन्म पुण्याचाच, २४ जुलै १९८५ चा. त्यांचे बालपण कुवेतमध्ये गेले आणि खेळ बंगळुरूला अरविंद सवूर यांच्या हाताखाली घडला. २००३ मध्ये चीनमध्ये ते हौशी जागतिक स्नूकर विजेते झाले, आणि पुढे स्नूकर व बिलियर्ड्स या दोन्ही खेळांत सर्वोच्च पातळीवर खेळणारा त्यांच्यासारखा दुसरा खेळाडू उरला नाही. २०१२ मध्ये ते स्नूकरच्या व्यावसायिक टूरवर गेले. २०१३ मध्ये वेल्श ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचून, क्रमवारीच्या स्पर्धेत तिथवर जाणारे ते पहिले भारतीय ठरले. आणि २०१४ मध्ये त्यांनी टूर सोडली. घरापासून दूर राहणे नको होते आणि बिलियर्ड्स सोडायचे नव्हते, ही त्यामागची कारणे. हा निर्णय माघारीचा होता असे त्या वेळी अनेकांना वाटले. प्रत्यक्षात त्यांच्या जागतिक विजेतेपदांची संख्या त्यानंतर भराभर वाढत गेली आणि २०२४ च्या अखेरीस दोह्यात ती २८ झाली. ओएनजीसीतील नोकरीमुळे महिन्याचा पगार ठरलेला, बंगळुरूचे घर आणि टेबल हाताशी, आणि खेळायच्या स्पर्धा आपण निवडायच्या : जोन्स यांच्या हौशी जीवनाचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणता येईल, फक्त त्यात पोटाची काळजी सरकारी तेल कंपनीने उचललेली आहे. भारतीय खेळातल्या या नोकऱ्यांवर पुष्कळ टीका होते. क्यूच्या खेळांपुरते तरी असे म्हणावे लागते की २१ वर्षांची एवढी सातत्यपूर्ण कारकीर्द या आधारावाचून उभी राहिली नसती.

व्यावसायिक टूरवर दीर्घ कारकीर्द होतच नाही असा मात्र याचा अर्थ नाही. १९९२ मध्ये एकदमच व्यावसायिक झालेले रॉनी ओ’सलिव्हन, जॉन हिगिन्स आणि मार्क विल्यम्स हे तिघे तीन दशकांनंतरही टिकून राहिले. ओ’सलिव्हन यांनी यूके चॅम्पियनशिप १९९३ मध्ये सतराव्या वर्षी जिंकली आणि तीच स्पर्धा २०२३ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा जिंकली. जागतिक स्पर्धेचा सर्वांत वयस्क विजेता हा मान १९७८ पासून रे रिअर्डन यांच्याकडे होता, ज्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी ती जिंकली होती. २०२२ मध्ये सेहेचाळिसाव्या वर्षी सातवे विजेतेपद घेऊन ओ’सलिव्हन यांनी तो आपल्याकडे घेतला. २०२५ मध्ये विल्यम्स पन्नासाव्या वर्षी अंतिम फेरीत पोहोचले आणि चीनच्या झाओ शिनटोंग यांच्याकडून १८-१२ असे हरले.

वय वाढते तसे काय जाते आणि काय उरते, हे या खेळात स्पष्ट पाहता येते. आधी नजर जाते : हनुवटीखालचा क्यू आणि साडेतीन मीटरवरचे पॉकेट यांमध्ये डोळ्याला सतत मागे-पुढे व्हावे लागते, आणि चाळिशीनंतर ते जड जाते. साधा चष्मा उपयोगी पडत नाही, कारण वाकलेल्या स्थितीत नजर भिंगाच्या वरच्या कडेवरून निघते. म्हणून डेनिस टेलर यांनी भिंगे वर चढवलेला खास चष्मा करून घेतला आणि तो घालूनच १९८५ च्या जागतिक अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस यांना शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या बॉलवर हरवले. नजरेनंतर जातो तो हाताचा बिनचूकपणा. सात वेळा जागतिक विजेते झालेले स्टीफन हेंड्री आपला क्यू पूर्वीसारखा सरळ जात नाही या जाणिवेने वर्षानुवर्षे झगडले; २०१२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी १४७ चा ब्रेक केला आणि त्याच स्पर्धेत हरल्यावर निवृत्ती जाहीर केली. एकाच स्पर्धेत सर्वोच्च ब्रेक आणि निवृत्ती या दोन्ही गोष्टी बसतात, यावरून हात अधूनमधून साथ देणे आणि रोज साथ देणे यांतला फरक कळतो. उरते ते टेबल वाचण्याचे ज्ञान. कोणता बॉल सोडून द्यायचा, पांढरा बॉल टेबलाच्या कडेच्या कोणत्या कुशनला टेकवून ठेवायचा, प्रतिस्पर्ध्याला कधी घाई करायला लावायची, हे पन्नाशीच्या खेळाडूला विशीतल्यापेक्षा अधिक उमगलेले असते. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना जास्तीत जास्त ३५ फ्रेमचा आणि दोन दिवसांचा असल्यामुळे या ज्ञानाला काम करायला अवधीही मिळतो.

भारतात हे ज्ञान जिथे साठत आले ती ठिकाणे म्हणजे पुण्याचे पीवायसी हिंदू जिमखान्यासारखे आणि मुंबईचे क्रिकेट क्लब ऑफ इंडियासारखे सभासदांचे क्लब. तिथे गुण मोजणारा, बॉल लावून देणारा, टेबलावर ब्रश फिरवणारा नोकर म्हणजे मार्कर. वर्षानुवर्षे टेबलाशेजारी उभे राहून खेळ पाहणाऱ्या अनेक मार्करांची समज सभासदांपेक्षा सरस असे, आणि कित्येक मुलांचे पहिले शिक्षक तेच झाले. सभासदत्व नसलेल्या मुलाला पुढे शहरांतल्या पार्लरांनी वाट करून दिली, जिथे तासाचे पैसे भरले की टेबल मिळते. तालुक्याच्या ठिकाणी मात्र पूर्ण मापाचे टेबल ठेवणे अवघड असते : दगडी लाद्यांमुळे त्याचे वजन टनावर जाते, क्यू फिरवायला चारी बाजूंनी मोकळी जागा लागते, आणि कापड ठरावीक काळाने बदलावे लागते. त्यामुळे हा खेळ अद्याप मोठ्या शहरांचाच राहिला आहे.

२०२३ मध्ये मुंबईचे इशप्रीत सिंग चढ्ढा क्यू स्कूलमधून व्यावसायिक टूरवर दाखल झाले, तेव्हा त्यांच्यासमोर मर्चंट आणि मेहता यांच्यासमोर होता तोच हिशेब होता : दोन वर्षे, ठरावीक रक्कम, आणि घरापासूनचे अंतर. फरक एवढाच की मेहता यांना निदान आपल्या देशात खेळण्याची संधी अधूनमधून मिळत होती. दिल्लीनंतर इंडियन ओपन २०१५ मध्ये मुंबईला, २०१६ मध्ये हैदराबादला, २०१७ मध्ये विशाखापट्टणमला आणि २०१९ मध्ये कोचीला भरली, आणि त्यानंतर ती मालिका खंडित झाली. तेव्हापासून टूरवरच्या भारतीय खेळाडूला प्रत्येक स्पर्धा परगावचीच आहे.